आधी तुम्ही

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझा नवरा शरद गेला. सकाळी आठला तो गॅरेजमध्ये पडला. साडेनऊला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं. शुक्रवारी अंत्यसंस्कार झाले. आमची मुलगी इरा सांता क्लाराहून आली होती. ती दोन आठवडे राहिली. ती गेल्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसला गेले आणि रेकॉर्डिंग कापायला बसले.

रेकॉर्डिंग कापणं हा माझ्या कामाचा भाग आहे. मी भाषाशास्त्रज्ञ आहे. अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये टोल रोडच्या कडेला एका ऑफिस पार्कमध्ये आमचं बारा माणसांचं ऑफिस आहे. परदेशातून आलेल्या माणसाला इथल्या काही कॉलेजांत प्रवेश घ्यायचा असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा आम्ही तयार करतो आणि घेतो. ती जे मोजायचं तेच मोजते की नाही, हे तपासण्याचं काम माझं. भाषाशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं हिला दहा भाषा येत असतील. मला मराठी, हिंदी, इंग्रजी येतात. फारसी वाचता येते, बोलताना मी अडखळते. पण फारसी बोलणारा माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा त्याच्या तोंडात नेमकं काय होतं, ते मी पंचवीस वर्षं मोजत आले आहे.

फारसीकडे मी पुण्यात वळले. एम.ए.ला असताना मोडी कागद वाचायला शिकत होते. त्यांत फारसी शब्द इतके, की फारसीचा कोश शेजारी ठेवल्याशिवाय पान पुढे सरकत नसे. आपण रोज दरवाजा म्हणतो, फिर्याद म्हणतो, हुशार म्हणतो, ते सगळे तिकडून आलेले. कोश चाळता चाळता त्या भाषेची गोडी लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, पीएच.डी. केली, लग्न झालं, अमेरिकेत आले, आणि तेच काम पोटापाण्याचं झालं.

आता अडचण काय होती ते सांगते. आमच्या संध्याकाळच्या बॅचला इराणी लोक बरेच असतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी परीक्षा. हे लोक वाचण्यात, लिहिण्यात, ऐकण्यात चांगले मार्क मिळवायचे आणि बोलण्यात मार खायचे. कॉलेजांनी विचारणा केली. माझी बॉस लिंडा हिने तो प्रकल्प माझ्याकडे दिला. कारण शोध आणि वर्षअखेर रिपोर्ट दे.

कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं. फारसीत शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं जोडून येत नाहीत. म्हणून ही मंडळी स्कूलला ‘एस्कूल’ म्हणतात, स्ट्रीटला ‘एस्ट्रीट’. आपल्याकडेही ‘इस्कूल’ ऐकू येतंच. मार्क देणाऱ्याच्या कानाला तो जादा स्वर खटकत असणार, असा माझा अंदाज. तो सिद्ध करायचा तर शेकडो रेकॉर्डिंगमधला तो स्वर मोजायला हवा. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगमधलं उत्तर तेवढं ठेवायचं आणि बाकीचं काढून टाकायचं. खुर्च्यांचे आवाज, खोकला, सूचना, उत्तर सुरू होण्याआधीची चुळबूळ, सगळं बाद.

हे काम करताना कोणाशी बोलावं लागत नाही. हेडफोन लावायचे. स्क्रीनवर आवाजाचा आलेख दिसतो, त्यात उत्तर जिथे सुरू होतं तिथे रेघ मारायची. रेघेच्या डावीकडचं डिलीट. मार्च ते ऑगस्ट मी रोज हेच केलं. ऑफिसमधली माणसं चांगली आहेत. ती येऊन विचारायची, “हाऊ आर यू होल्डिंग अप?” मी म्हणायचे, “आय अ‍ॅम फाइन.” ती परत आपल्या जागेवर जायची. आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी पहिला महिना डबे आणले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू लागली, काही हवंय का? मी ‘नको’ लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आग्रह करता येत नाही. हळूहळू मेसेज थांबले. यात कोणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये माहीन आली.

प्रकल्पासाठी आम्ही काही परीक्षार्थींना जादा रेकॉर्डिंगसाठी बोलावत होतो. शब्दांची यादी वाचायची, बस. माहीनचं वय सेहेचाळीस. शिराझच्या एका हॉस्पिटलमध्ये तिने अठरा वर्षं बाळंतपणं केली होती. इथे ती एका फार्मसीत मागच्या खोलीत औषधांच्या बाटल्या भरायची. तिला कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजने जागा ठेवली होती, अट एकच, बोलण्यात पाचवी पातळी हवी. जानेवारीत तिला तिसरी मिळाली. मे महिन्यात पुन्हा तिसरी. आमच्या परीक्षेला वर्षात तीनच प्रयत्न मिळतात. तिसरा नोव्हेंबरमध्ये होता. तोही हुकला की वर्षभर थांबायचं, आणि जागा दुसऱ्याला जायची.

हे सगळं तिच्या फॉर्मवर होतं. ती स्वतः आली तेव्हा तिच्या हातात एक पत्र्याचा डबा होता. त्यात चण्याच्या पिठाच्या छोट्या खुसखुशीत वड्या होत्या, वेलदोड्याच्या वासाच्या. आपल्या नानकटाईची चुलत बहीण म्हणता येईल अशा.

रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार जाड आणि अरुंद आहे. मी ते उघडून धरलं आणि म्हटलं, “प्लीज.”

“नो, नो. तुम्ही, डॉक्टर.”

“तुम्ही पाहुण्या आहात.”

“ऑफिस तुमचं आहे.”

“म्हणून तर.”

“तुम्ही वयाने मोठ्या आहात.”

“फार नाही हं.”

ती हसली, पण जागची हलली नाही. मीही नाही. एव्हाना आत पाऊल टाकणं दोघींनाही शोभलं नसतं. तेवढ्यात मागून लिंडा आली. एका हातात कॉफी, काखेत लॅपटॉप. तिला त्याच खोलीतली एक केबल हवी होती. “एक्स्क्यूज मी, लेडीज,” म्हणत ती आमच्या मधून आत गेली, केबल घेऊन बाहेर आली आणि थबकली.

“तुम्ही अजून दारातच?”

माहीन माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “यांचं काम झालंसुद्धा.”

मला हसू आलं. चांगलं मोठ्याने आलं. लिंडाने कॉफीचा मग खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तो उचलून गेली.

माहीनने यादी वाचली. जादा स्वर होता. ‘एस्टॉप’ म्हणाली, ‘एस्प्रिंग’ म्हणाली. माझ्या अंदाजाप्रमाणेच. मग मी मशीन बंद केलं आणि सहज विचारलं, नर्सिंगच का? तिने उत्तर दिलं ते दहा मिनिटं चाललं. एकदा हॉस्पिटलमधली वीज गेली होती, जुळ्यांपैकी एक बाहेर आलं होतं आणि दुसरं यायचं होतं, आणि बाळंतिणीची सासू कंदील धरून सतत सल्ले देत होती. “मी तिला म्हटलं, हाजी खानुम, एकतर तुम्ही कंदील धरा, नाहीतर मी धरते आणि तुम्ही बाळ काढा.” इंग्रजीत चुका होत्या. पण गोष्टीला सुरुवात होती, शेवट होता, मधे ती थांबून माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे जात होती. आमच्या तिसऱ्या पातळीची व्याख्या मला पाठ आहे. ‘संभाषण सुरू करता येत नाही. बोलणं तुटक. समोरच्यावर अवलंबून.’ ही बाई त्या व्याख्येत बसत नव्हती.

“मेमध्ये परीक्षेत काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. माझे पार्टनर आगा बेहरूझ होते. फार सभ्य माणूस.”

आगा म्हणजे श्रीयुत. खानुम म्हणजे बाई, आदराने.

“मग?”

“मी म्हटलं, तुम्ही सुरू करा. ते म्हणाले, आधी खानुम. पण ते साठीचे. मी त्यांच्याआधी कशी बोलणार? आणि मी बाई, ते माझ्याआधी कसे बोलणार? शेवटी बिचाऱ्यांनी सुरुवात केली. मग त्यांना मध्येच कसं तोडायचं, म्हणून मी बोलू दिलं. तर तेच थांबून थांबून मला म्हणायचे, प्लीज, तुम्ही सांगा. मी म्हणायचे, नाही, तुमचं छान चाललंय. मग घंटा वाजली.”

“परीक्षा घेणारी काही म्हणाली नाही?”

“ती गप्प बसून लिहीत होती. मला वाटलं, आम्ही नीट वागतोय की नाही तेच बघतेय.”

परीक्षेचा हा भाग कसा असतो ते सांगायला हवं. दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात. मधे विषयाचं कार्ड असतं. परीक्षक म्हणते, “तुमच्यापैकी कोणीही सुरू करू शकतं.” आणि घड्याळ चालू करते. चार मिनिटं. त्यानंतर परीक्षकाने तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. सुरुवात कोणी केली, मुद्दा कोणी पुढे नेला, समोरच्याच्या बोलण्यात शिरून आपलं म्हणणं कोणी मांडलं, याला मार्क असतात.

आणि इराण्यांकडे एक रीत आहे. तिला ते तआरोफ म्हणतात. दारातून आधी कोणी जायचं, शेवटचा घास कोणी घ्यायचा, बिल कोणी द्यायचं, सगळीकडे ती असते. आधी समोरच्याला मान द्यायचा, आपण मागे राहायचं. समोरच्यानेही तेच करायचं. पहिला नकार खरा धरायचा नसतो, दुसराही नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या पंगतीत कोणी पहिल्या ‘नको’वर वाढणं थांबवलं तर घरी जाऊन त्याची चर्चा होते. ही रीत मी पुस्तकात वाचली होती, तिच्यावर वर्गात शिकवलं होतं, इराणी घरांत जेवताना पाळलीही होती. तिला मी माझ्या आकड्यांत कुठे शोधलं नव्हतं. मी स्वर मोजत होते.

माहीन गेल्यावर मी तिच्या मेच्या परीक्षेची फाइल उघडली. ती थेट बेहरूझ यांच्या वाक्याने सुरू होत होती. आधी काही नव्हतं. ते मी कापलं होतं. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळ्या स्वच्छ. सगळ्या उत्तरापासून सुरू. मधले ‘प्लीज, यू’सुद्धा मी चुळबूळ समजून काढले होते. सहा महिने मी उत्तर शोधत होते आणि तेच रेघेच्या डावीकडे टाकत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला वेळ लागतो आहे. जोड्या मी लावल्या होत्या. एरवी संध्याकाळच्या बॅचला जो येईल त्याच्याबरोबर जोडी लागते. जानेवारीत माहीनला इराणी पार्टनर मिळाला तो योगायोगाने. पण मेच्या फेरीत मी लिंडाला सांगून फारसी बोलणाऱ्यांच्या जोड्या फारसी बोलणाऱ्यांशीच लावल्या. उच्चारांची तुलना सोपी जावी म्हणून. माहीनचा पहिला प्रयत्न नशिबाने गेला होता. दुसरा माझ्यामुळे गेला.

कापलेल्या फाइली तपासून झाल्या की मूळ रेकॉर्डिंग नष्ट करण्याचा एक फॉर्म भरायचा असतो. तो मी मार्चपासून भरला नव्हता. त्या दिवसांत मी बरेच फॉर्म भरले नव्हते. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग सर्व्हरवर तशीच होती. पुढचे चार दिवस मी ती पहिल्यापासून ऐकली.

ऐकायला गंमत वाटावी अशी होती. दोन डॉक्टर एकमेकांना सुरुवात करायची विनंती करताहेत. एक इंजिनिअर म्हणतो, “तुमच्यासमोर मी काय बोलणार!” समोरची बाई म्हणते, “असं कसं, तुम्हीच बोला.” घड्याळ पुढे जातंय. पण मग मी समोर मार्कांचा कागद ठेवला. ‘सुरुवात करू शकला नाही.’ ‘मुद्दा पुढे नेत नाही.’ ‘पुन्हा पुन्हा तेच शब्द.’ मार्क देणाऱ्यांनी जे ऐकलं तेच लिहिलं होतं. त्यांना ते इंग्रजीची कमतरता वाटली. पार्टनर दुसऱ्या भाषेचा असला आणि त्याने पटकन सुरुवात केली, की तीच इराणी माणसं बरी बोलत होती. जादा स्वर दोन्हीकडे सारखाच होता. त्याने फारसं काही बिघडत नव्हतं.

मी लिंडाकडे गेले. तिला पाच रेकॉर्डिंगची पहिली मिनिटं ऐकवली.

लिंडा मिशिगनच्या एका गावातली आहे. बोलायला सरळ. तिने हेडफोन काढले. “म्हणजे ही माणसं चांगल्या वागणुकीमुळे नापास झाली असं तुझं म्हणणं आहे?”

“वागणूक चालू होती आणि घड्याळही.”

“नियम सगळ्यांना सारखाच आहे, वसुधा.”

“नियम सारखा आहे. पण कोणीही सुरू करा म्हटलं की तू सुरू करशील. मी करणार नाही.”

“तू?”

“पाच वर्षांपूर्वीची माझी पहिली मीटिंग आठव. तू म्हणालीस, कोणाला काही बोलायचंय का?”

ती आठवू लागली. “तू तासभर गप्प होतीस. मला वाटलं तुला प्रोजेक्ट आवडला नाही.”

“मला वाटलं मला कोणीतरी विचारेल.”

“पाच वर्षं!” लिंडा म्हणाली. “बरं. रिपोर्टचं काय? उच्चारांचा कोर्स सुचवायचा असं तूच ठरवलं होतंस. कॉलेजांना मी तसं सांगूनही बसले आहे. तिसरी पातळी मिळालेल्यांना एक सेमिस्टर सक्तीचा.”

“तो रिपोर्ट चुकीचा होईल. मी चुकीचं कापलं. तसं मी रिपोर्टमध्ये लिहीन, माझ्या नावाने.”

लिंडाने हेडफोनची वायर गुंडाळली. “फेब्रुवारीनंतर तू महिनाभर घरी राहायला हवं होतंस. मी तुला म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस. मी नको म्हणाले.”

“आणि मी ऐकलं,” लिंडा म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. “ठीक आहे. परीक्षा मला बदलता येत नाही, ते कमिटीचं काम, त्याला वर्ष जातं. पण परीक्षकाने काय वाक्य म्हणायचं ते मी ठरवते. दोघांपुढे ए आणि बी अशी कार्डं ठेवू. ‘ए, तुम्ही सुरू करा. बी, अर्ध्या वेळेनंतर मी खूण करेन, मग तुम्ही पुढे न्या.’ सगळ्यांना, सगळ्या बॅचना, नोव्हेंबरपासून. चालेल?”

“चालेल.”

“एक अट आहे. ती तुझी वड्यांवाली बाई. तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस. परीक्षेआधी तिला कसं वागायचं ते सांगितलंस तर ते कोचिंग होईल. तिचा निकाल रद्द होईल आणि तुझी नोकरीही.”

अट बरोबर होती. पण नोव्हेंबरच्या परीक्षेआधी माहीनचं दुसरं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. ती आली. या वेळी मी दार उघडून आधी आत शिरले. तिला ते उद्धट वाटलं असावं. यादी वाचून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले.

“डॉक्टर, मला खरं सांगा. माझे उच्चार फार वाईट आहेत का? मुलगी म्हणते, मॉम, तू बोलू नकोस, मी बोलते.”

“मला परीक्षेबद्दल काही बोलता येत नाही.”

“थोडंसुद्धा?”

“थोडंसुद्धा.”

“मी रोज आरशासमोर ‘स्कूल, स्कूल’ म्हणते. ते बरोबर करतेय का, एवढंच सांगा.”

तिला सांगावंसं वाटत होतं की ते सोडा, ते महत्त्वाचं नाही. मी यादीचा कागद घडी करून ठेवला आणि परत उघडला. माहीनने विषय बदलला. माझ्या टेबलावर शरदचा फोटो होता, त्याकडे बघून तिने विचारलं, “किती महिने झाले?”

मी तिला काही सांगितलं नव्हतं. “नऊ होतील.”

“घरी कोण येतं?”

“कोणी नाही. मी सगळ्यांना सांगते, मी ठीक आहे.”

“आणि ते खरं मानतात?” माहीनने विचारलं. तिला मनापासून आश्चर्य वाटलं होतं.

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. उठली, कोट घातला, आणि म्हणाली, “परीक्षा झाली की मी येणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी.”

परीक्षेच्या संध्याकाळी मी खोलीत असू शकत नव्हते. संशोधकाला परवानगी नाही. मी माझ्या जागेवर बसून मागच्या रेकॉर्डिंगची यादी करत होते आणि एकच ओळ परत परत टाइप करत होते. लिंडाने त्या दिवशी जोड्या चिठ्ठ्या काढून लावल्या. माहीनच्या वाट्याला पुन्हा बेहरूझच आले. मला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. मी ते सुरुवातीपासून ऐकलं. खुर्च्या ओढल्याचा आवाज. बेहरूझ फारसीत तिची विचारपूस करतात, ती त्यांच्या पत्नीची. परीक्षक इंग्रजीत सूचना देते. “ए, तुम्ही सुरू करा.” ए बेहरूझ होते. त्यांनी “विथ युअर परमिशन” म्हटलं आणि पुढच्या क्षणी बोलू लागले. कोणीतरी हुकूम दिला होता, आता मागे राहणं हाच उद्धटपणा झाला असता. विषय होता, नव्या शहरात माणूस ओळखी कशा करतो. बेहरूझ थोडं बोलले, अडले, तसंच रेटून बोलले. मग खूण झाली. माहीन म्हणाली, “मी सहमत नाही.” आणि हसली. मग तिने शेजारणीची गोष्ट सांगितली. तिला तीन वेळा चहाला बोलावलं, ती तीनदा ‘नो, थँक यू’ म्हणाली, आणि चौथ्यांदा माहीन किटली घेऊन तिच्या दारात उभी राहिली. बेहरूझ मधेच म्हणाले, “इथे असं केलं तर पोलीस येतात.” ती म्हणाली, “आले असते तर त्यांनाही दिला असता.” परीक्षक हसल्याचा आवाज आहे. तो मी कापलेला नाही.

मार्क दोन वेगवेगळी माणसं देतात आणि त्यांना एकमेकांचे मार्क दिसत नाहीत. निकाल दहा दिवसांनी लागला. माहीनला दोघांनीही पाचवी पातळी दिली.

बेहरूझ यांना चौथी मिळाली. त्यांनाही पाचवी हवी होती. कार्डाने त्यांची सभ्यता बाजूला काढली तेव्हा कळलं की त्यांचं इंग्रजी खरोखरच थोडं कमी पडतं. ते कागद घ्यायला आले तेव्हा मला वाईट वाटत होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आधीच्या निकालात आमची चूक कशी होती तेही.

“म्हणजे आधी मी नापास नव्हतो?” त्यांनी विचारलं.

“आधी ते आम्हाला कळलंच नव्हतं.”

“आणि आता कळलं.” त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. “चला, हे अपयश तरी माझं स्वतःचं आहे. याच्यावर अभ्यास करता येईल.”

रिपोर्ट मी डिसेंबरमध्ये दिला. पहिल्याच प्रकरणात लिहिलं की माझ्या कापण्याच्या पद्धतीमुळे सहा महिने कारण दिसलं नाही, आणि माझ्या जोड्यांमुळे काही लोकांचे मार्क कमी आले. लिंडाने ते वाचून एक शब्द बदलला. ‘निष्काळजीपणा’ खोडून ‘चूक’ लिहिलं. मेच्या फेरीतल्या सगळ्यांना एक जादा प्रयत्न फी न घेता मिळाला. सक्तीचा उच्चारांचा कोर्स झाला नाही. ज्यांना हवा त्यांच्यासाठी तो आहे, बेहरूझ त्यात आहेत.

या व्यवसायात येणाऱ्या मुलांना मी आता एकच गोष्ट सांगते. जे काढून टाकणार आहात ते आधी एकदा संपूर्ण ऐका. आमच्या नियमांच्या वहीत हे वाक्य दुसऱ्या पानावर आहे. माझं नाव त्याखाली नाही आणि नको.

माहीन निकालानंतरच्या रविवारी खरंच आली. मी फोनवर नको म्हटलं होतं. ती भाजीपाला घातलेलं दाट सूप घेऊन आली आणि दोन तास बसली. नंतर इरा आठवडाभर येऊन राहिली तेव्हा मी तिलाही नको म्हटलं होतं. “मॉम, आय अ‍ॅम नॉट आस्किंग,” ती म्हणाली.

माहीन आता नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. तिची हॉस्पिटलची ड्यूटी सुरू झाली आहे. मार्चमध्ये बेहरूझ पुन्हा परीक्षेला बसणार आहेत. रिपोर्टनंतर माझा प्रकल्प पुढे वाढवला गेला, त्याचं एक वर्ष बाकी आहे. मी सकाळी साडेआठला ऑफिसला जाते आणि सहाला परत येते. घरात मी एकटी असते. काम उरलं आहे, आणि ते मला येतं.